भाजी काय केली आज?

आमच्या फोनच्या खोलीत नवी मुलगी कामाला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून माझ्याकडे येते. "म्याडम, पेशंटला फोन लावला की आधी भाजी काय केली हे कशाला विचारायचं? आपण व्यसनमुक्तीवाले ना?" मी म्हणते, "आहोत, बाई, आहोत. तू विचार तर आधी, मग सांगते." ती विचारते. पलीकडून सावनेरचा एखादा खाणकामगार, नाहीतर खापरखेड्याच्या कॉलनीतला एखादा फिटर भेंडीवर असा काही बोलत सुटतो की पोरीला फोन ठेवता येत नाही. मग ती परत माझ्याकडे येते, आणि मला मनोहरभाऊंबद्दल सांगावं लागतं.

मनोहरभाऊ भोयर. गेल्या उन्हाळ्यात गेले बिचारे, झोपेतच, हार्टनं. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगणं मला जमत नाही, कारण तो माणूस जन्मात कधी थोडक्यात बोलला नाही.

बोलणं हाच त्यांचा धंदा होता. राहायचे पारडीकडे. ऑटोच्या टपावर भोंगा बांधायचा, आत मायक्रोफोन घेऊन बसायचं आणि गावोगाव घोषणा करत फिरायचं. कुठे साड्यांचा सेल, कुठे नळाला पाणी येणार नाही, कुठे पाच वर्षांचं पोरगं हरवलंय, निळी चड्डी घातलेली आहे. मौद्यापासून सावनेरपर्यंत त्यांचा आवाज ओळखीचा. इतकी वर्षं भोंग्याखाली बसून डावा कान गेला होता, आणि त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. बसमध्ये, दुकानात, मयतीला गेले तरी स्पीकरवर. आणि दुसरी खोड म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची. "चहा आला. चहा आला." "मी निघतो. मी निघतो." एकदा मी वैतागून विचारलं, "भाऊ, मला दोन्ही कान आहेत. दोनदा कशाला?"

"म्याडम, ऑटो पुढं सरकत राह्यते ना," ते म्हणाले. "एकदा बोललं तं अर्धी गोष्ट या घराले ऐकू येते अन् अर्धी त्या घराले. मंग लोक भांडतेत. म्हणून दोनदा."

अंगात पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. खिशात दोन पेनं, त्यातलं एकही चालायचं नाही. केसांना काळा रंग, इतका की कपाळावरही थोडा उतरलेला. गळ्यात दुपट्टा, आणि दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून बांधलेली लवंग आणि खडीसाखर, आवाजासाठी. समोरच्याला हवी असो नसो, गाठ सोडून लवंग हातावर ठेवणार. आमच्या खोलीतल्या टेबलांच्या खणांत अजून त्यांच्या लवंगा सापडतात.

गोळी त्यांना कशी लागली, हेही त्यांनी मला घोषणेसारखंच सांगितलं होतं. मौद्याच्या रस्त्यावर ऑटो उलटला, पाठ मोडली. दुखण्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अफूच्या जातीच्या असतात त्या, वेदना मारतात आणि डोक्यालाही उबदार करतात. डॉक्टरांनी लिहून दिल्या तेवढ्या संपल्या, मग हे या दुकानातून त्या दुकानात फिरून घ्यायला लागले. "पाठ बरी झाली म्याडम, अन् गोळीच बरी होऊन नाही राह्यली," असं म्हणायचे. त्याच काळात बायको आजारी पडली आणि गेली. शेवटी मुलीनंच हाताला धरून आमच्याकडे आणलं. रजनी तिचं नाव, एका खासगी शाळेत शिकवायची. तेव्हापासून मनोहरभाऊ आमच्या औषधावर, म्हणजे रोज जिभेखाली ठेवायच्या गोळीवर होते, आणि बरे चालले होते. मी मात्र तेव्हा त्यांना ओळखत नव्हते. मी फोनवाली, आणि त्यांचं सगळं खाली दवाखान्यात चालायचं.

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणानं.

लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली आमची फोनसेवा नंतरही चालू राहिली होती. सोय मोठी होती. सावनेर-मौद्याच्या माणसानं दर वेळी रोजी बुडवून नागपूरला यायचं कशाला? औषध जवळच्या केंद्रातून घ्यायचं आणि बाकीची विचारपूस फोनवर. मनोहरभाऊंसारख्या रोज गावोगाव फिरणाऱ्यालाही तेच बरं पडलं, म्हणून त्यांचंही नाव फोनसेवेत आलं. आधी मशीनचा फोन जायचा, आणि मग आमच्यापैकी कोणीतरी बोलायचं. मशीनमधला आवाज मोठा गोड, कुण्या पुण्याच्या बाईचा. "नमस्कार. आपल्या व्यसनमुक्ती उपचारांच्या पाठपुराव्यासाठी हा दूरध्वनी आहे." फोनच्या पडद्यावर केंद्राचं नावही झळकायचं. आम्हाला वाटायचं, काय झकास व्यवस्था केली आहे!

एका सकाळी खोलीचं दार धाडकन उघडलं.

"कोण आहे इथं मालक? कोण आहे मालक?"

मला सकाळी सकाळी आरडाओरडा अजिबात खपत नाही. मी उठून उभी राहिले. "इथे मालक कोणी नाही. काय झालं ते खालच्या आवाजात सांगा."

"खालच्या आवाजात? तुमचा फोन बोलला काय खालच्या आवाजात?" त्यांचा आवाज त्या खोलीत मावत नव्हता. "काल माह्या पोट्टीले पाहाले पाहुणे आले होते, म्याडम. मी आतमध्ये सरबत आनाले गेलो. फोन दिवाणावर. वाजला. पोट्ट्याचा मामा भला मानूस, त्यानं मले मदत म्हणून बटन दाबलं. अन् तुमची थे बाई सगळ्या बैठकीले सांगते, व्यसनमुक्ती! पाहुण्याइनं सरबतही नाही पेलं. उठून गेले."

खोलीतल्या मुलींनी हातातले फोन खाली ठेवले. मी खुर्ची पुढे केली.

"लग्न मोडलं त्याचं नाही," ते एकदम खाली बसले आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "पोट्टी बोलत नाही माह्याशी. कालपासून एक शब्द नाही."

आता योगायोग असा की त्याच महिन्यात आमच्या डॉक्टर लिमयांनी एक नवं काढलं होतं. डॉक्टर लिमये तरुण, पुण्याचे, हुशार, आणि नागपूरच्या उन्हानं कायम लाल झालेले. फोनसेवा त्यांच्याकडे होती. त्यांचं म्हणणं, सेवा ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच विचारून ती सुधारायला हवी, पेशंटांचा एक छोटा गट करू. कल्पना चांगली होती. आम्ही बऱ्याच जणांना निरोप दिले. पहिल्या बैठकीला चहा, पोहे, पोह्यांवर ओतायची झणझणीत तर्री, सगळं मांडलं आणि एकही माणूस आला नाही. कोण येईल हो? मी गोळीवाला आहे, असं सांगत चारचौघांत बसायचं म्हणजे थट्टा आहे का? म्हणून त्या सकाळी मनोहरभाऊंचं सगळं ओरडणं दारात उभं राहून ऐकल्यावर डॉक्टर पुढे आले आणि म्हणाले, "भोयर, तुम्ही आमच्या गटात याल का? हे सगळं असंच सांगा. ओरडून सांगितलंत तरी चालेल."

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, "डॉक्टर, हा माणूस डोकं खाईल."

आणि त्यांनी खाल्लंच. पण आधी हे सांगितलं पाहिजे की पडद्यावरचं केंद्राचं नाव त्याच आठवड्यात गेलं आणि पुण्याची बाईही गेली. ते त्यांनी ओरडून ओरडून करवून घेतलं. "माह्या पोट्टीचं झालं तं झालं," म्हणायचे, "दुसऱ्याच्या पोट्टीचं नाही झालं पाह्यजे. नाही झालं पाह्यजे." त्यांच्या नादानं हळूहळू आणखी दोघं-तिघं गटात यायला लागले. तर्री पोहे वाया जाणं बंद झालं.

मग त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. पुण्याच्या बाईच्या जागी मशीनमध्ये त्यांचा स्वतःचा आवाज! "लोक ओळखतेत मले," म्हणाले. डॉक्टर भोळे, हो म्हणाले. मनोहरभाऊंनी घसा साफ केला, दोन लवंगा चावल्या, आणि असा काही आवाज लावला की खालच्या दवाखान्यातून माणूस वर आला. "नमस्कार, नमस्कार! आपल्या तब्येतीची विचारपूस, तब्येतीची विचारपूस!" दोन दिवसांत तक्रारी आल्या. एका म्हातारीनं घाबरून फोन पाण्याच्या बादलीत टाकला. खापरखेड्याच्या एका पेशंटनं घोषणा ऐकली आणि नळाला पाणी येणार नाही असं समजून घरातले सगळे हंडे भरून ठेवले. आम्ही हसून हसून बेजार. मनोहरभाऊ मात्र तीन दिवस रुसून बसले, आणि मग आले तेव्हा म्हणाले, "मशीन नको. मीच बसतो फोनवर."

त्यांना फोनवर बसवायचं की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की ज्या पेशंटांची तयारी आहे त्यांनाच ते फोन करतील, एक पेशंट दुसऱ्या पेशंटशी बोलतोय असंच ते असेल, आणि औषधाबद्दल एक अक्षर बोलणार नाहीत. आम्ही त्यांच्यासमोर प्रश्नांचा कागद ठेवला. पहिला प्रश्न होता, मागील आठवड्यात सेवन केलं का?

मनोहरभाऊंनी कागद उलटा-सुलटा पाहिला. "सेवन? डॉक्टरसाहेब, आमच्याकडे सेवन तं प्रसादाचं करतेत."

"मग तुमच्या शब्दांत विचारा."

त्यांनी फोन लावला. पलीकडे मौद्याचा कोणी बंडू होता. आणि मनोहरभाऊंनी काय विचारलं? "काय गा बंडू, भाजी काय केली आज? भाजी काय केली?"

बंडू पाटवडीच्या रश्श्यावर बोलत राहिला. मनोहरभाऊंच्या तोंडाला पाणी सुटलं. तिखट किती टाकलं, पाटवडी फुटली तर नाही, बेसन घरचं की दुकानाचं! मध्येच बंडूनं आवाज खाली आणून सांगितलं की मागच्या मंगळवारी अंग मोडून आलं होतं, फार आठवण झाली होती, पण निभावलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "भोयर, आपण स्वयंपाकघर चालवतोय का?"

"नाही साहेब. पण त्याची माय बाजूलेच बसली होती. आवाज येऊन राह्यला होता बांगड्याचा. तिले पाटवडीच ऐकू आली."

मला तेव्हा वाटलं, खादाड माणूस आहे, खाण्याचंच सुचणार. खादाड तर ते होतेच. पण पुढे एकदा दुपारी, कूलरमध्ये पाणी भरत असताना, मी सहज विचारलं की भाऊ, तुम्हाला हे भाजीचं सुचलं कसं? ते बादली धरून उभे होते. मग म्हणाले, "माह्या बायकोनं त्या शेवटच्या वर्षात रोज रांधलं, म्याडम. बिमार होती तरी रांधलं. मी रोज जेवलो. पन काय जेवलो? एक भाजी आठवत नाही मले. एक नाही." बादलीतलं पाणी कूलरमध्ये ओतलं. "गोळी खाल्ली का मानसाले ताट दिसत नाही. ज्याले भाजी सांगता येते थो जागेवर आहे."

मी वर्षानुवर्षं माणसांची दुःखं ऐकतेय, सहसा डोळ्यांत पाणी येऊ देत नाही. त्या दिवशी आलं. कूलरवर खापर फोडलं.

तेव्हापासून तो प्रश्न आमच्या कागदावर सगळ्यात वर आला. डॉक्टरही विचारायला लागले. पुण्याच्या माणसानं विदर्भात भाजी विचारायची म्हणजे काय होतं, तेही एकदा झालं. सावनेरच्या एका पेशंटला डॉक्टरांनी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "आलू-वांगं केलं साहेब, वरून सांबार टाकून मस्त." डॉक्टरांना घाम फुटला. वांग्याच्या भाजीवर सांबार ओतून खाणारा माणूस शुद्धीवर असेल कसा? त्यांनी त्याला तातडीनं नागपूरला बोलावलं. बिचारा बायको आणि सासऱ्यासकट एसटीनं आला, आपल्याला काय झालं म्हणून पांढराफटक पडलेला.

आता आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे डॉक्टरांना कोण सांगणार? मनोहरभाऊंनी सांगितलं. खोकला येईस्तोवर हसले, मग खाली उतरून भाजीवाल्याकडून ओली, ताजी जुडी आणली आणि डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. "हा पाहा सांबार, साहेब. हा पाहा सांबार." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि तेही हसायला लागले. सावनेरकरांना बसवून पोहे खाऊ घातले, त्यावर त्याच जुडीतला सांबार चिरून. पुढे वर्षभर डॉक्टर येईल त्याला हा किस्सा स्वतःच सांगायचे.

हे सगळं हसणं-खिदळणं चालू असताना घरी मात्र रजनी बोलत नव्हती.

मनोहरभाऊ गटातले, त्यांचा साप्ताहिक फोन मीच करायची. भाजी काय केली म्हटलं की पलीकडून यायचं, "दोडका. दोडका." त्यांना दोडका अजिबात आवडायचा नाही. रजनीला ते माहीत होतं. ती सकाळी शाळेत जायच्या आधी स्वयंपाक करायची, ताट वाढून झाकून ठेवायची, आणि निघून जायची. बोलणं नाही, बघणं नाही. आणि झाकणाखाली दोडका. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोडका. मी म्हणायची, "भाऊ, दुसरं काही मागा ना." ते म्हणायचे, "कसं मागू? बोललं तं मागता येते." मग थोड्या वेळानं म्हणायचे, "पन म्याडम, करते तं सही. उपाशी नाही ठेवत." दोडक्याची तक्रार करतानाही त्यांच्या आवाजात एक प्रकारचा धीर असायचा. ते रोज ते झाकण उचलून बघायचे, म्हणजे आज तरी बदललं का. मला कधी कधी रजनीचा राग यायचा. पण तिचं तरी काय चुकलं होतं? आईला तिनंच सांभाळलं, बापाला तिनंच दवाखान्यात आणलं, आणि तिच्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट दिवाणावरच्या फोननं मोडली. आमच्या नंबरवरून गेलेला फोन ती उचलायचीच नाही.

मे महिना होता. नागपूरचा मे. दुपारी मी मनोहरभाऊंना फोन लावला. पलीकडे कूलरची घरघर.

"भाऊ, भाजी काय केली आज?"

"कायची तरी असन."

मी थांबले. दुसऱ्यांदा येईल म्हणून वाट पाहिली. दुसऱ्यांदा आलंच नाही. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट एकदाच सांगितली होती.

"भाऊ, झाकण उचलून बघा ना जरा."

"पाहतो नंतर." आणि फोन बंद.

मी डॉक्टरांना सांगितलं, ते गाडी काढायला धावले. मी आपल्या स्वतःच्या मोबाइलवरून रजनीला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून तिनं उचलला. मी नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "ताई, मी शाळेत आहे, निकालाचं काम चालू आहे, मले काही बोलायचं नाही."

"बोलू नकोस," मी म्हटलं. "फक्त ऐक. बाबांना आज भाजी कोणती ते माहीत नाही."

फोन ठेवायच्या आधी स्कूटीची किल्ली काढल्याचा आवाज मला ऐकू आला. भाजी म्हणजे काय हे तिला माहीत होतं. घरात दिवसभर तिच्या बापाचं तेच पुराण चालायचं, ती बोलत नसली तरी ऐकत होती.

डॉक्टर पोचायच्या आत ती पोचली. पुढचं मला मनोहरभाऊंनीच सांगितलं, आणि अर्थातच दोनदा. त्यांची पाठ चार दिवसांपासून धरली होती. आम्हाला कुणाला सांगितलं नाही. सकाळी जुन्या ओळखीचा एक दुकानदार भेटला, त्यानं जुनी ओळख पाळली आणि पूर्वीच्याच गोळ्यांचं पाकीट हातावर ठेवलं. ते खिशात घेऊन दिवाणावर बसून होते. फोडलं नव्हतं. फोडायचं की नाही तेवढाच विचार सकाळपासून चालला होता, बाकी कशाला जागाच नव्हती डोक्यात.

रजनी आत आली. तिनं खिशाकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही. ओट्यावरचं झाकलेलं ताट उचलून त्यांच्या समोर ठेवलं आणि झाकण काढलं.

"बाबा, हे काय आहे?"

"दोडका," मनोहरभाऊ म्हणाले.

"मंग काहून नाही सांगतलं म्याडमले?"

इतक्या महिन्यांतले तिचे ते पहिले शब्द. मनोहरभाऊंनी पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि बापलेक दोघंही दोडक्याच्या ताटाशेजारी बसून रडले. डॉक्टर दारात पोचले तेव्हा दोघं एकाच ताटात जेवत होती. डॉक्टरांना आत बोलवायचंही भान नव्हतं. ते बाहेर पायरीवर बसून राहिले, भर उन्हात. मग पाठीसाठी त्यांनी दुसरं औषध आणि व्यायाम दिला.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. मला भाजी विचारूही दिली नाही. "म्याडम, बोलली. म्याडम, बोलली!" मागून रजनीचा आवाज आला, "बाबा, हळू, शेजारी ऐकून राह्यले." आणि त्यानंतर दोडका गेला. भेंडी आली, बरबटी आली, एकदा तर चक्क पाटवडी. तेव्हा मनोहरभाऊंनी फोनवर नुसतंच मिटक्या मारण्याचं प्रात्यक्षिक दिलं.

हिवाळ्यात ते एके दिवशी खोलीत आले, लवंगा वाटल्या, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. रजनीला बघायला सावनेरहून माणसं येणार होती. रविवारी.

"अरे वा! छान झालं की."

"म्याडम, तुमी त्या वेळी फोन करा. पाहुणे बसले असतानी. मी तुमाले मिस्डकॉल देतो, तुमी लावा."

"वेड लागलं का, भाऊ? एकदा हात पोळला ना! कशाला पुन्हा?"

"त्या वेळी त्याइनं मशीनकडून ऐकलं," ते म्हणाले. "आता माह्याकडून ऐकू द्या. नंतर कोनाकडून ऐकन तं पोट्टीले बोल लावन. त्यापेक्षा उठून जायचं तं आताच जा म्हणा."

"आणि रजनी? तिला चालेल?"

"तिनंच सांगतलं. तिनंच सांगतलं."

तिनंच सांगितलं म्हटल्यावर मी कोण? रविवारी केंद्र बंद, मी घरूनच बसले होते. गॅसवरचा कुकर बंद करून ठेवला, शिटी नको म्हणून. मिस्डकॉल आला. मी लावला.

फोन अर्थातच स्पीकरवर. कपबशांचा आवाज, कुणीतरी खाकरलं, खुर्ची सरकली. मग मनोहरभाऊंचा घसा साफ करण्याचा आवाज, जो मी लाखात ओळखीन.

"पाहुणे मंडळी, हा फोन व्यसनमुक्ती केंद्रातून आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून आहे. मी तिथला पेशंट आहे." श्वास घेतला. "मी तिथला पेशंट आहे. दुखन्याच्या गोळ्या लागल्या होत्या मले. आता औषध चालू आहे. पोट्टीनं मले वाचवलं. बोला, म्याडम."

कितीतरी हजार फोन केले असतील आयुष्यात. तोंडून आपोआप निघालं, "भाऊ, भाजी काय केली आज?"

"थांबा. ज्यानं केली त्याले विचारा. रजे!"

पैंजणांचा आवाज जवळ आला. "भरलं वांगं केलं, ताई," रजनी म्हणाली. आमच्या सेवेच्या फोनवर ती पहिल्यांदा स्वतःहून बोलत होती. आवाज स्पष्ट होता.

मग मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कप बशीत ठेवला गेला. आता उठतील, मला वाटलं. आता चपला वाजतील. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला होता, जणू त्यामुळे ते बसून राहतील.

मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मुलाची आजी असावी. सावनेरकडचा, दात नसलेला आवाज.

"वरून सांबार टाकला काय वं, पोरी?"

"टाकला ना, आजी," रजनी म्हणाली. "अजून टाकू?"

"टाक," मनोहरभाऊ म्हणाले. तो भोंग्यातला आवाज नव्हता, आतून कुठूनतरी फाटून आलेला होता. "टाक, बाप्पा. टाक."